अपुऱ्या कथेचे वारसदार

आपल्याकडे दीर्घ गद्यकथेस ‘कादंबरी’ म्हणण्याचा प्रघात ज्या संस्कृत ग्रंथाच्या नांवावरून पडला, तो ग्रंथ कर्त्याच्या हातून पुरा झालेला नाहीं. बाणभट्ट मध्येंच निवर्तला आणि उत्तरभाग त्याच्या मुलानें रचिला. एकनाथांचें भावार्थरामायण युद्धकांडांत थांबलें तें गावबांनीं पुढें नेलें, अशी परंपरा आहे. मृत्यूनें तुटलेला धागा दुसऱ्यानें उचलावा कीं नाहीं, हा प्रश्न म्हणून आपणांस नवा नाहीं. तोच प्रश्न २०१३ सालीं जपानांत उभा राहिला, आणि तोही विद्वान मंडळी ज्याकडे नाक मुरडून पाहतात अशा एका वाङ्मयप्रकारांत. यास्तव त्याची हकीकत सांगावीशी वाटते.

जपानी वाचक ज्यांस ‘लाइट नॉव्हेल’ म्हणतात, तीं खिशांत मावणारीं, मधून मधून चित्रें घातलेलीं, मुख्यतः तरुणांसाठीं लिहिलेलीं पुस्तकें होत. हें नांव १९९० च्या सुमारास वाचकांच्याच आपसांतील चर्चेंतून रूढ झालें. वस्तु मात्र त्याहून जुनी. सोनोरामा बुन्को ही माला १९७५ सालीं आणि कोबाल्ट बुन्को १९७६ सालीं निघाली. विद्यालयाच्या भिंतींआड घडणारी कथा तर याहूनही पूर्वीची. योशिया नोबुको या लेखिकेनें १९१६ सालापासून मुलींच्या मासिकांतून ‘हाना मोनोगातारी’ ही कथामाला लिहिली. तींत मुलींच्या शाळा आहेत, वसतिगृहें आहेत आणि ओठांवर न येणारी हुरहूर आहे. जादू या शाळेंत शिरली ती फार मागाहून.

यामागुची नोबोरू (जन्म १९७२) यांच्या ‘झेरो नो त्सुकाइमा’ या कथेचा पहिला भाग जून २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्सुकाइमा म्हणजे मांत्रिकाच्या हुकुमांत वागणारा चेडा म्हणा ना! त्रिस्तेन नांवाच्या राज्यांत एक मंत्रविद्यालय आहे. तेथें शिकतात सरदारांचीं मुलें, कारण मंत्र चालतो तो सरदारांचाच. लुईझ ही थोर घराण्यांतील मुलगी, परंतु तिचा प्रत्येक मंत्र स्फोटांत संपतो, म्हणून सोबती तिला ‘झेरो’, म्हणजे शून्य, म्हणून हिणवितात. दुसऱ्या वर्षीं प्रत्येक विद्यार्थ्यानें आपला सेवक प्राणी आवाहन करून आणावयाचा असतो. कोणाकडे ड्रॅगन येतो, कोणाकडे अग्निसरडा. लुईझच्या पुढ्यांत येऊन पडतो तो टोकियोचा एक सामान्य पोरगा, हिरागा सायतो. त्याला निजावयास मिळतें तें गवत.

यामागुचींनीं नांवें निवडलीं तीं इतिहासांतून. चौदाव्या लुईची प्रिया लुईझ द ला व्हालिएर १६७४ सालीं दरबार सोडून कार्मेलाइट मठांत गेली. नायिकेस तिचेंच नांव दिलें आहे. विद्यालयांतील यंत्रवेड्या पंतोजीचें नांव त्याच राजाच्या अर्थमंत्र्याचें, म्हणजे कोल्बेर. परंतु या कथेंतील खरा इतिहास फ्रान्सचा नव्हे, जपानचाच आहे. तार्ब नांवाच्या गांवीं एक वस्तु देवासारखी जपून ठेविली आहे. गांवकरी तिला ‘ड्रॅगनचें वस्त्र’ म्हणतात. तें असतें महायुद्धांतील जपानी आरमाराचें झेरो विमान. तें घेऊन आलेला वैमानिक तेथेंच राहिला, तेथेंच मेला. हें उडतें, असें तो सांगे तेव्हां त्यावर कोणाचा विश्वास बसला नाहीं. विद्यालयांतील मोलकरीण सिएस्ता ही त्याची पणती. त्याच्या थडग्यावरील लिपि गांवांत कोणास वाचतां येत नाहीं. सायतो ती वाचतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वींच्या पराभवाची आठवण मुलांच्या करमणुकीच्या पुस्तकांत अशी एकाएकी उघडी पडते, तेव्हां वाचक थबकतो. पुढें कोल्बेर मंत्रानें पेट्रोल सिद्ध करतो आणि सायतो तें विमान शत्रूच्या तारवांवर नेतो. येथें मात्र लेखकाशीं आमचें पटत नाहीं. हरलेल्या युद्धाचें शस्त्र परक्या भूमीवर निर्दोष करून घेण्याची ही सोय फार सुलभ आहे.

प्रेमकथा मंद आंचेवर शिजते. एक पाऊल पुढें, दीड मागें, असें वीस भाग चालतें. आमचाही धीर मध्यें सुटला, हें कबूल केलें पाहिजे. तथापि सरदारकन्या आणि गवतावर निजणारा नोकर यांच्यांतील अंतर एका चुंबनानें मिटलें असतें, तर तें अंतर खोटें ठरलें असतें. सायतोस पुढें शव्हालिए ही पदवी मिळते, तरी लुईझचा ताठा लगेच उतरत नाहीं. हें खरें वाटतें.

विसावा भाग फेब्रुवारी २०११ मध्यें निघाला. त्याच वर्षीं लेखकास कर्करोग झाल्याचें वाचकांस कळलें, आणि ४ एप्रिल २०१३ रोजीं ते वारले. वय अवघें ४१. कथा तशीच लोंबकळत राहिली. दोन वर्षांनीं, २०१५ सालीं, त्यांनीं मागें ठेवलेल्या टिपणांवरून ती पुरी करण्यांत येईल असें प्रकाशकांनीं जाहीर केलें. एकविसावा भाग २०१६ च्या फेब्रुवारींत व बाविसावा, शेवटचा, २०१७ च्या फेब्रुवारींत आला. पुढील लेखन करणाऱ्याचें नांव प्रथम गुप्त होतें. ते लेखक शिमिझु यू, हें मागाहून कळलें.

बाणाचा मुलगा आपल्या भागाच्या आरंभीं स्वतः पुढें येऊन वाचकाशीं बोलतो. जपानी वारसदार पडद्याआड उभा राहिला. यांत विनय आहे, तसाच वाचकांच्या रागाचा धाकही असावा. टिपणांतून काय घडावयाचें तें मिळतें, किती वेळानें घडावयाचें तें मिळत नाहीं. वीस भाग मंद ठेवलेली आंच दोन भागांत मोठी करावी लागली, आणि ती घाई जाणवते. पण ही घाई मृत्यूनें लादलेली होती. वाचकांस पांच वर्षें ताटकळत ठेवून नंतर कांहींच न देणें, हें अधिक निष्ठुर झालें असतें, असें आम्हांस वाटतें. बाविसाव्या भागाच्या मुखपृष्ठावरही कर्ता म्हणून नांव यामागुचींचेंच आहे, आणि चित्रें पहिल्या भागापासूनचे चित्रकार उसात्सुका एइजी यांचीं.