मुलींच्या हाती काम सोपवणाऱ्या रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या स्टेशनावरून गेल्या असतील. याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आजची गोष्ट तिथली आहे.

गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की आपला एक विषय ठरलेला असतो. आजकालची पोरं ऐकत नाहीत, मुलींना वळण नाही, सारखा मोबाईल हातात. मग आपण म्हणतो, पोरांपुढं चांगला आदर्श पाहिजे. पण आदर्श ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? रमाबाईंनी काय केलं, ते बघू.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईनं संस्कृत शिकणं म्हणजे पाप, असं मानायचा तो काळ. अनंतशास्त्रींनी बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि लोकांचा विरोध झाला म्हणून ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवलं. घरकामाला लागायच्या आधी, भल्या पहाटे, पेंगणाऱ्या लेकीला जवळ घेऊन. आईला जे मिळालं, ते तिनं लेकीच्या पदरात घातलं. ही पहिली कडी ध्यानात ठेवा.

मग दुष्काळ आला. अन्नान्न दशा झाली. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ. दोघं पायी हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्या पाहून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. पुढे भाऊ गेला. लग्न झालं, लेक झाली, तिचं नाव मनोरमा. 1882 साली पतीही गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाई कडेवर तान्ही लेक घेऊन विधवा झाल्या. त्या पुण्यात आल्या, तिथून इंग्लंडला गेल्या आणि 1883 साली तिथं त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. विधवांसाठी ही राहण्याची आणि शिकण्याची जागा होती. केस काढलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या पोरीसोरी तिथं येऊ लागल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आलं. ज्यांना सोवळं पाळायचं, त्यांना ते पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई प्रार्थनेला बसत, तेव्हा त्यांच्या खोलीचं दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून 1893 साली मोठं वादळ उठलं. मुलींना बाटवतात असा आरोप झाला. आधार देणारी मोठी माणसं बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या.

ही बाजूही आपण लपवायची नाही. पोरकी मुलगी आश्रयाला आली, की आश्रय देणाऱ्याचा धर्म तिला आपला वाटू लागतो. हे बरोबर की नाही, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला, आजही विचारतात. प्रत्येकीनं आपल्या मनाशी त्याचं उत्तर शोधावं. पण त्यासोबत गोदूबाईंची गोष्टही ऐकावी.

गोदूबाई नातू ही सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. तिथं शिकून 1893 साली तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो. त्या हिंदूच राहिल्या. कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा त्यासाठी बायांनी स्वतः फिरून वर्गणी गोळा केली. ख्रिस्ती बाईच्या हाताखाली शिकलेली मुलगी आपला धर्म न सोडता तेच काम पुढं नेते. दुसरी कडी ही.

आता केडगावकडे वळू. सदनाच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून रमाबाईंनी तिथं फळबागेसाठी जमीन घेतली होती. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंनी स्वतः सोसलं होतं. त्या तिकडे गेल्या आणि जवळजवळ तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. कुणी हाडांचा सापळा, कुणी आजारी, कुणी घाबरलेली. सगळ्या जातींच्या. 1900 सालच्या सुमारास, गुजरातेतल्या दुष्काळानंतर, हा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

एवढ्या जणींना एकटी बाई सांभाळणार कशी? रमाबाईंनी सदनात शिकलेल्या मुलींनाच पुढं केलं. कालपर्यंत ज्यांना घरानं अपशकुनी म्हटलं, त्या विधवा आता जातपात न बघता दुष्काळातल्या पोरींना न्हाऊ-माखू घालू लागल्या, अक्षर शिकवू लागल्या. वर्षा-दोन वर्षांत त्या पोरी सावरल्या, की त्यांच्या हाती काम येई. कुणी मागावर, कुणी शिवणावर, कुणी शेतात, कुणी तेलघाण्यावर. मनोरमाबाई परदेशातून शिकून आल्या आणि अंध मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवू लागल्या. पुढे गुलबर्ग्यालाही त्यांनी शाळेचं काम केलं.

छापखान्याचंच बघा. साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल असावं, असं रमाबाईंना वाटे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि शेवटपर्यंत भाषांतर करत राहिल्या. आणि त्याचे खिळे जुळवले कुणी? मिशनमधल्याच मुली-बायकांनी. ज्यांना एकेकाळी अक्षर-ओळख नव्हती, त्यांच्या हातून अख्खा ग्रंथ छापून निघाला. 1921 साली मनोरमाबाई वारल्या. लेकीचं दुःख पोटात घेऊन रमाबाई काम करत राहिल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनीही डोळे मिटले. मिशन मात्र आजही चालू आहे.

मैत्रिणींनो, रमाबाई स्वतः साध्या राहत, पांढरं लुगडं नेसत, कष्ट करत. ते मुलींना दिसत होतंच. पण नुसतं बघून मुली घडल्या नसत्या. ‘हे काम तुझं, तू करशील,’ असा भरवसा त्यांनी टाकला. पोरींच्या हातून चुका झाल्या असतील, खिळे उलटे लागले असतील, सूत तुटलं असेल. तरी काम त्यांच्याच हाती राहिलं.

आपल्या गटाचं रजिस्टर किती वर्षं एकाच ताईकडे आहे? बँकेत कायम कोण जातं? बारावी झालेली आपली लेक, नवी आलेली सून घरात बसून असते, आणि आपण म्हणतो, तिला काय कळतंय. पुढच्या बैठकीला तिला सोबत आणा. रजिस्टर तिच्यासमोर ठेवा, बेरीज तिला करू द्या. चुकली तर पुन्हा करू द्या. आपण शेजारी बसू.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.