पूरक ध्वनिक्षेपक आणि मंद्र ध्वनींचा प्रश्न

मोठ्या सभागृहात अथवा मोकळ्या मैदानावर मुख्य ध्वनिक्षेपकांचा आवाज सर्व श्रोत्यांपर्यंत सारखा पोहोचत नाही. पहिल्या रांगा, सज्जाखालील जागा आणि दूरवरचा मागचा भाग यांसाठी वेगळे ध्वनिक्षेपक योजावे लागतात. ध्वनियोजकांच्या बोलीत त्यांना 'फिल' म्हणतात. या पूरक ध्वनिक्षेपकांचा इतिहास सामान्यतः विलंबयोजनेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि विलंबाने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटला. उरलेला अर्धा भाग मंद्र ध्वनींचा होता.

विलंबयोजनेस शास्त्रीय आधार मिळाला तो हेल्मुट हास याच्या प्रयोगांमुळे. १९४९ साली ग्योटिंगेन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात त्याने असे दाखविले की, मूळ भाषणानंतर सुमारे ५ ते ३० सहस्रांश सेकंदांनी येणारा दुसरा ध्वनी मुळापेक्षा १० डेसिबेलपर्यंत प्रबळ असला, तरी तो स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. अर्थात जवळच्या ध्वनिक्षेपकास योग्य विलंब दिला, तर बळ त्याचे मिळते आणि आवाज मात्र वक्त्याच्या दिशेनेच आल्यासारखा वाटतो.

या तत्त्वाचा प्रसिद्ध उपयोग लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये झाला. पार्किन आणि टेलर यांनी तेथील भाषणयोजनेचे वर्णन १९५२ साली प्रसिद्ध केले. या वास्तूत ध्वनीचा निनाद दीर्घकाळ घुमत राहतो. म्हणून त्यांनी सुमारे ११ फूट उंचीचे स्तंभाकार ध्वनिक्षेपक वापरले आणि दूरच्या स्तंभांसाठी फिरत्या चुंबकीय ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने विलंब साधला. स्तंभाचा हेतू ध्वनी छताकडे न जाता श्रोत्यांकडे वळावा, हा होय. परंतु येथेच एक नैसर्गिक मर्यादा आड येते. सेकंदाला १०० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे जवळजवळ त्या स्तंभाएवढीच असते. त्याखालील ध्वनी असा स्तंभ वळवू शकत नाही. तो चहूकडे पसरतो.

पुढे मैदानी कार्यक्रमांत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९७३ साली अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे सुमारे सहा लाख श्रोत्यांच्या संगीतसभेत दूरच्या मनोऱ्यांसाठी अंकीय विलंबयंत्रे वापरली गेली. अशा योजनेचा हिशेब उद्बोधक आहे. रंगमंचापासून ३० मीटरवरील मनोऱ्यास सुमारे ८७ सहस्रांश सेकंदांचा विलंब द्यावा लागतो. उच्च ध्वनी पुढेच जात असल्याने तेवढ्याने काम भागते. मंद्र ध्वनी मात्र मागेही फिरतो आणि रंगमंचाजवळ सुमारे १७५ सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. हासने सांगितलेली मर्यादा तो केव्हाच ओलांडतो. शिवाय मुख्य ध्वनिक्षेपकांचा मंद्र भाग अडथळ्यांना वळसा घालून सज्जाखालीही पोहोचलेला असतो. तेथे उणीव असते ती स्पष्टतेची. म्हणून पूरक ध्वनिक्षेपकातून मंद्र भाग वगळण्याची रीत रूढ झाली.

वगळण्याच्या साधनाने मात्र नवी अडचण निर्माण केली. गाळणी केवळ तीव्रताच नव्हे, तर कलाही बदलते. सप्तकामागे २४ डेसिबेल उताराची, लिंकविट्झ आणि रायली यांच्या नावाने ओळखली जाणारी गाळणी १०० कंपनांवर लावली, तर त्या बिंदूशी कलेत अर्ध्या आवर्तनाचा फरक पडतो आणि वरच्या सप्तकातही, २०० कंपनांवर, जवळजवळ पाव आवर्तनाचा फरक उरतो. परिणामी उच्च ध्वनींत विलंब अचूक जुळलेला असतानाही खालच्या भागात दोन्ही ध्वनी परस्परांस मारक ठरतात, आणि श्रोत्यास आवाज पोकळ वाटतो. यावरील उपाय त्याच गाळणीच्या गुणधर्मात आहे. १९७६ साली लिंकविट्झने मांडलेल्या या रचनेत उच्च आणि मंद्र शाखा समान कलेत राहतात. म्हणून मुख्य ध्वनिक्षेपक आणि मंद्र ध्वनिक्षेपक यांच्या संधिबिंदूवर जी गाळणी असेल, तीच पूरक ध्वनिक्षेपकास लावल्यास दोहोंची कला जुळते. जेथे हे शक्य नसते, तेथे तीव्र छेदाऐवजी सौम्य उतार श्रेयस्कर ठरतो.

सारांश, हासच्या प्रयोगांनी कानाला काय चालते, हे सांगितले. तरंगलांबीने ध्वनिक्षेपकाला काय जमत नाही, ते दाखविले. शेवटच्या रांगेतील श्रोत्यास शब्द कळावा, हे या सर्व खटाटोपाचे प्रयोजन होते. ते साधले पूरक ध्वनिक्षेपकाचे कार्य मर्यादित केल्याने, आणि ती मर्यादा मुख्य योजनेशी सुसंगत ठेवल्याने.