कागद नाही, म्हणजे घटना नाही?

‘इथे घट नाही’ हे आपल्याला कळतं कशानं? भाट्ट मीमांसक म्हणतात, अनुपलब्धीनं. घट दिसत नाही, म्हणून तो नाही. पण ते लगेच एक अट घालतात: घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत ‘दिसत नाही’ हे प्रमाण होत नाही. ही अट आज संगणकाच्या इतिहासाला लावून बघू.

१९७० पर्यंत पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान ‘एनिअ‍ॅक’ला होता. अमेरिकी लष्करासाठी बांधलेलं हे यंत्र फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आलं. ब्रिटनच्या नावावर त्याआधीचा कागद नव्हता, म्हणून यंत्रही नसणार, असं लोक धरून चालले.

यंत्र होतं! टॉमी फ्लॉवर्स या टपाल खात्यातल्या अभियंत्यानं डॉलिस हिलच्या संशोधन केंद्रात ‘कोलोसस’ बांधला. जर्मन सेनाधिकाऱ्यांचे लॉरेन्झ यंत्रानं सांकेतिक केलेले संदेश फोडण्यासाठी तो फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्लेचली पार्कला कामाला लागला. सुमारे १,६०० व्हॉल्व्ह, आणि कागदी फितीवरची ५,००० अक्षरं सेकंदात वाचायची! एनिअ‍ॅकसारखा कुठल्याही गणिताला जुंपता येईल असा तो नव्हता, हे खरं. पण युद्ध संपेपर्यंत असे १० कोलोसस झाले होते. मग बहुतेक मोडून टाकले. आराखडे नष्ट करायचा आदेश आला, तेव्हा फ्लॉवर्स यांनीच ते भट्टीत घातले. म्हणजे खोली अंधारी होती, आणि अंधार मुद्दाम केलेला होता.

न्यूकॅसलचे प्राध्यापक ब्रायन रँडल हे ट्युरिंगचा माग काढता काढता या अंधारापाशी आले. त्यांनी तर्कानं पोकळी भरली नाही. १९७२ मध्ये थेट पंतप्रधान हीथ यांना पत्र लिहून कागद खुले करा म्हणाले. नकार आला. तरी ते मागे लागले. १९७५ मध्ये सरकारनं कोलोससची छायाचित्रं खुली केली आणि १९७६ मध्ये रँडल यांनी लॉस अ‍ॅलामॉसच्या परिषदेत ही हकिगत मांडली. पुढे टोनी सेल यांनी कोलोसस पुन्हा उभा केला, तो ८ छायाचित्रांवरून आणि काही अभियंत्यांनी नियम मोडून जपलेल्या सर्किटच्या आकृत्यांवरून. नियम पाळणाऱ्यांचे कागद राख झाले, मोडणाऱ्यांचे पुरावा ठरले!

या कामाचा १९४५ चा सविस्तर अहवाल खुला झाला २००० मध्ये. फ्लॉवर्स १९९८ मध्येच गेले होते.

म्हणून दप्तरखान्यात ‘कागद नाही’ असं उत्तर मिळालं, की आणखी एक प्रश्न विचारावा: असता, तर तो इथे राहू दिला असता का?