मॅथ्यूसनची अदलाबदल

पराक्रमी पुरुष रंगभूमीवर कसा आला हें सांगणारे चरित्रकार पुष्कळ. तो तेथून कसा गेला हें सांगण्याचा उत्साह थोड्यांनाच असतो. आगमनाच्या वेळीं टाळ्या वाजविणारे हात गमनाच्या वेळीं बहुधा दुसरीकडे गुंतलेले असतात. अमेरिकेंतील बेसबॉल या खेळाचा इतिहास चाळतांना मला एक गमन असें आढळलें कीं, त्याची हकीकत आगमनाइतकीच मनोवेधक आहे. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या मास्तरानें या खेळाच्या बखरी कां वाचाव्या, असा प्रश्न माझ्या घरांतच मला अनेकदां विचारण्यांत आला आहे. त्याचें उत्तर असें कीं, मालक आणि चाकर, मैत्री आणि हुकूमत, कायदा आणि कृपा यांचे धागे या एका प्रसंगांत असे गुंतले आहेत कीं, खेळाविषयीं अगदीं उदासीन असलेल्या वाचकासही त्यांत गोडी वाटावी. क्रिस्टी मॅथ्यूसन या पिचरनें १९१६ च्या जुलैंत न्यूयॉर्कचा ‘जायंट्स’ संघ सोडला, तोच हा प्रसंग.

पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजाचा भाऊबंद. मात्र क्रिकेटांत गोलंदाजीचें काम चारपांच जणांत वांटलेलें असतें. त्या काळच्या बेसबॉलमध्यें एकच पिचर बहुधा सबंध सामनाभर चेंडू फेकी, आणि म्हणून जयापजय त्याच्या नांवावर मांडण्याची तिकडे चाल पडली. मॅथ्यूसन १८८० सालीं पेन्सिल्व्हेनियांतील फॅक्टरीव्हिल या लहानशा गांवीं जन्मला, बक्नेल येथील कॉलेजांत शिकला, आणि धंदेवाईक खेळाडू म्हटला कीं दारू, जुगार व दांडगाई हेंच सभ्य लोकांच्या डोळ्यांपुढें येई अशा काळांत या धंद्यांत शिरला. रविवारीं खेळणार नाहीं असें वचन त्यानें आईस दिलें होतें व तें पाळलें. १९०५ च्या जागतिक मालिकेंत त्यानें सहा दिवसांत ३ सामने टाकले आणि २७ डावांत फिलाडेल्फियाच्या संघास एकही धांव मिळूं दिली नाहीं. १९०८ सालीं एका हंगामांत त्यानें ३७ सामने जिंकले. हे आंकडे देऊन मी थांबतों. आंकड्यांचा नाद लागला म्हणजे या खेळाचे भक्त जेवणखाण विसरतात.

तो न्यूयॉर्कास आला तोच मुळीं अदलाबदलींत. १९०० च्या डिसेंबरांत सिनसिनाटीच्या ‘रेड्स’ संघानें हा वीस वर्षांचा पोरगा न्यूयॉर्कला दिला आणि त्याच्या मोबदल्यांत एमॉस रूसी नांवाचा नामांकित, परंतु दोन वर्षें घरीं बसलेला पिचर घेतला. सिनसिनाटीचा मालक जॉन ब्रश हा लौकरच न्यूयॉर्कच्या संघाचा मालक झाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा सौदा इतका एकतर्फी कां झाला याविषयीं लोकांनीं जे तर्क केले ते अगदींच निराधार वाटत नाहींत. रूसी सिनसिनाटीसाठीं अवघे ३ सामने खेळला. त्यांतील एकही त्याला जिंकतां आला नाहीं.

या रूसीची गोष्ट येथें थोडी सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून मॅथ्यूसनची गोष्ट कळणार नाहीं. १८९५ च्या हंगामांत न्यूयॉर्कचा तेव्हांचा मालक अँड्र्यू फ्रीडमन यानें रूसीला २०० डॉलर दंड केला. रूसीला तो अन्यायाचा वाटला. दंड परत मिळाल्याशिवाय खेळणार नाहीं असें म्हणून तो १८९६ चा सबंध हंगाम घरीं राहिला. आतां वाचक म्हणतील कीं, एक मालक नको तर दुसरा धरावा. पण तीच गोष्ट अशक्य होती! १८७९ सालीं नॅशनल लीगमधील मालकांनीं आपसांत ठराव केला कीं, प्रत्येक संघानें आपले ५ खेळाडू राखून ठेवावे व इतरांनीं त्यांना हात लावूं नये. पुढें पांचांचे सर्व झाले, आणि हें राखीव कलम करारांतच येऊन बसलें. खेळाडूचा करार एका वर्षाचा. परंतु वर्ष संपलें तरी त्याच्यावरील हक्क मालकाकडेच राही. मालक त्याला काढून टाकूं शके, विकूं शके, दुसऱ्या खेळाडूशीं बदलूं शके. खेळाडूला मात्र दोनच वाटा मोकळ्या होत्या, सांगेल तेथें खेळणें किंवा खेळच सोडणें. रूसीनें न्यायालयाचे दरवाजे ठोठावतांच बाकीचे मालक घाबरले. कलमाची तपासणी न्यायाधीशाच्या डोळ्यांखालीं होऊं नये म्हणून त्यांनीं आपसांत वर्गणी काढून त्याला पैसे दिले आणि प्रकरण मिटविलें. ज्या मालकानें दंड केला त्याच्या हट्टासाठीं इतरांनीं खिशांत हात घातले, यावरूनच त्या कलमाची किंमत त्यांना किती वाटत होती तें दिसतें.

अशा बाजारांत मॅथ्यूसन आला, आणि बाजाराचा विसर पडावा असें भाग्य त्याला लाभलें. १९०२ सालीं जॉन मॅग्रॉ हा न्यूयॉर्कच्या संघाचा मॅनेजर झाला. बुटका, शीघ्रकोपी, पंचांशीं हमरीतुमरीवर येणारा, खेळाडूंना तोंडास येईल तें बोलणारा असा हा गृहस्थ. उंच, गोरा, मितभाषी, बुद्धिबळें व चेकर्स यांत रमणारा मॅथ्यूसन त्याच्या अगदीं उलट. तरी दोघांचें असें जमलें कीं, १९०३ सालीं ही दोन्ही नवपरिणित जोडपीं न्यूयॉर्कांत एकाच बिऱ्हाडीं राहिलीं. मॅग्रॉ इतरांना जो चाबूक दाखवी तो मॅथ्यूसनच्या वांट्यास कधीं आला नाहीं. हा स्नेह निर्भेळ होता यांत मला शंका नाहीं. पण ज्याच्या हातीं हुकूमत आहे त्याचा स्नेह लाभणें ही चाकराच्या आयुष्यांत केवढी मोठी मिळकत असते, हें दीर्घकाळ एकाच ठिकाणीं नोकरी केलेल्या माणसास सांगावयास नको.

१९१४ सालीं मॅथ्यूसननें २४ सामने जिंकले. १९१५ सालीं अवघे ८, आणि हरला १४. हात थकला होता. १९१६ च्या उन्हाळ्यांत तो छत्तिशीला आला आणि त्याच्या खात्यावर ४ पराभव व ३ विजय होते. चेंडू फेकण्याचे दिवस संपले हें त्याला इतरांच्या आधीं कळलें असावें. त्याची इच्छा मॅनेजर होण्याची होती. परंतु न्यूयॉर्कांत ती जागा मॅग्रॉची, आणि मॅग्रॉ ती सोडणाऱ्यांतला नव्हे. म्हणजे ज्या घरीं सोळा वर्षें काढलीं त्या घरांतच पुढची वाट बंद. आणि घर सोडावयाचें तर तेंही आपल्या पायांनीं नाहीं, कोणाच्या तरी बदल्यांत.

मॅग्रॉनें ती वाट काढून दिली. सिनसिनाटीचा मॅनेजर बक हर्झॉग हा स्वतः खेळाडूही होता, आणि न्यूयॉर्कला त्याच्या जागेवरचा माणूस हवा होता. हा हर्झॉग मॅग्रॉच्या हाताखालीं पूर्वीं दोनदां राहून दोनदां गेलेला. दोघांचें एकमेकांशीं पटत नसे, पण खेळापुरती एकमेकांची किंमत दोघेही ओळखून होते. २० जुलै १९१६ रोजीं सौदा ठरला. हर्झॉग व रेड किलिफर हे न्यूयॉर्कला, आणि मॅथ्यूसन, एड राउश व बिल मकेक्नी हे तिघे सिनसिनाटीला. मॅथ्यूसननें जातांच संघाचीं सूत्रें हातीं घ्यावयाचीं होतीं.

त्या तिघांचा आगगाडींतील प्रवास राउशच्या स्मरणांत शेवटपर्यंत राहिला. लॉरेन्स रिटर यांनीं वृद्ध खेळाडूंच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपून १९६६ सालीं एक अतिशय सुंदर पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत राउशनें ही हकीकत सांगितली आहे. राउश आणि मकेक्नी यांना न्यूयॉर्कांत येऊन थोडेच महिने झाले होते, आणि मॅग्रॉच्या शिव्यांपासून सुटका झाली म्हणून दोघांनाही हायसें वाटत होतें. मॅथ्यूसन मात्र तसें म्हणेना. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, तुम्हांला हा अनेक संघांपैकीं एक. मला तें घर होतें. मॅग्रॉनें आपल्यासाठीं जागा शोधून दिली हा त्यानें उपकार मानला, आणि तरीही घर सुटल्याचें दुःख लपविलें नाहीं. एकाच डब्यांत, एकाच सौद्यानें चाललेले हे तीन प्रवासी. दोघांना वाटतें तुरुंगांतून सुटलों, तिसऱ्यास वाटतें उंबरठा ओलांडला. इतिहासकारास हा डबा पुष्कळ कांहीं शिकवून जातो.

सिनसिनाटीच्या वतीनें तो एकच सामना खेळला. ४ सप्टेंबर १९१६ रोजीं शिकागो येथें त्याचा जुना प्रतिस्पर्धी मॉर्डेकाय ब्राउन याच्याशीं त्याची अखेरची गांठ पडली. लहानपणीं शेतांतील यंत्रांत सांपडून ब्राउनच्या उजव्या हाताचीं बोटें जायबंदी झालीं होतीं, आणि त्याच वेड्यावांकड्या हातानें त्यानें एके काळीं मॅथ्यूसनला बेजार केलें होतें. आतां दोघेही उतरणीस लागलेले. सामना १० विरुद्ध ८ असा, म्हणजे दोघांच्याही भरभराटीच्या काळीं लाजिरवाणा ठरला असता असा झाला. मॅथ्यूसन जिंकला. त्याच्या ३७३ विजयांपैकीं ३७२ न्यूयॉर्कचे आणि हा एक सिनसिनाटीचा. त्यानंतर दोघांनींही वरच्या दर्जाच्या सामन्यांत पुन्हां चेंडू फेकला नाहीं. इकडे न्यूयॉर्कचा संघ त्याच सप्टेंबरांत लागोपाठ २६ सामने जिंकला, आणि इतकें करूनही चौथाच राहिला!

पुढच्या वर्षीं एक मौजेचा प्रसंग घडला. १९ ऑगस्ट १९१७ रोजीं, रविवारीं, सैनिकांच्या मदतीसाठीं न्यूयॉर्क व सिनसिनाटी यांचा सामना न्यूयॉर्कांत झाला आणि रविवारच्या बंदीचा कायदा मोडला म्हणून दोन्ही मॅनेजरांना पकडण्यांत आलें. म्हणजे आईच्या शब्दाखातर रविवार पाळणारा मॅथ्यूसन आणि त्याचा जुना यजमान मॅग्रॉ हे दोघे एकाच आरोपाखालीं न्यायाधीशापुढें उभे! न्यायाधीशानें त्यांना सोडून दिलें, हें सांगावयास नकोच.

पण मॅथ्यूसनला जें मागून मिळालें तें इतरांना मिळत होतें असें समजूं नये. त्याच डब्यांतल्या राउशचें पाहा. सिनसिनाटींत त्यानें नांव कमावलें, आणि १९२७ सालीं त्याला पुन्हां मॅग्रॉच्याच संघाकडे पाठविण्यांत आलें. जेथून सुटल्याबद्दल त्यानें देवाचे आभार मानले असतील तेथेंच परत! पगारावरून वाद पेटला तेव्हां १९३० चा सबंध हंगाम तो घरीं बसला. रूसीनंतर चौतीस वर्षें लोटलीं होतीं, आणि चाकराच्या हातीं शस्त्र तेंच होतें, घरीं बसणें. मध्यंतरीं १९२२ सालीं हें प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें एका मोडलेल्या प्रतिस्पर्धी लीगच्या तक्रारीच्या निमित्तानें आलें होतें. हीच ती फेडरल लीग, जिच्या नेवार्क संघांतून राउश व मकेक्नी न्यूयॉर्कांत आले होते. न्यायमूर्ति होम्स यांनीं निर्णय दिला कीं, बेसबॉलचे सामने हा आंतरसंस्थानीय व्यापार नव्हे. सबब मक्तेदारीविरुद्धचा कायदा त्याला लागू नाहीं. संघ आगगाडींतून हजारों मैल हिंडतात, तिकिटें विकतात, माणसें विकतात, आणि हा व्यापार नव्हे! होम्स यांच्या लेखणीचा मी चाहता आहें. हा निकाल मात्र मला पुन्हां पुन्हां वाचूनही पटलेला नाहीं.

१९६९ च्या ऑक्टोबरांत सेंट लुइसच्या संघानें बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूस न विचारतां फिलाडेल्फियास देऊन टाकलें. त्यानें जाण्याचें नाकारलें. माझ्या इच्छेविरुद्ध खरेदीविक्री व्हावी अशी मी मालमत्ता नाहीं, अशा अर्थाचें पत्र त्यानें बेसबॉलच्या आयुक्तास पाठविलें व दावा लावला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत ५ विरुद्ध ३ मतांनीं तो हरला आणि त्याची कारकीर्द त्यांतच संपली. पण वारें फिरलें होतें. पुढच्याच वर्षीं खेळाडूंच्या संघटनेनें मालकांकडून मान्य करून घेतलें कीं, वरच्या लीगमध्यें दहा वर्षें व त्यांतील अखेरचीं पांच एकाच संघांत काढलेल्या खेळाडूस त्याच्या संमतीवांचून बदलतां येणार नाहीं. त्याच डिसेंबरांत शिकागोच्या रॉन सँटोनें या हक्काचा प्रथम उपयोग केला. कॅलिफोर्नियास जाण्याचें त्यानें नाकारलें आणि शिकागोंतल्याच दुसऱ्या संघाकडे तो गेला. १९७५ च्या डिसेंबरांत लवादानें राखीव कलमाचा अर्थ एका वर्षापुरताच आहे असें ठरविलें, आणि शहाण्णव वर्षांची ती बेडी गळून पडली.

मॅथ्यूसनच्या काळीं यांतलें कांहींच नव्हतें. होता तो मॅग्रॉ. आणि त्या स्नेहाची एक निराळी बाजूही आहे. १९१८ सालीं आपल्याच संघांतील हॅल चेस हा पैसे घेऊन सामने हरतो असा संशय येऊन मॅथ्यूसननें त्याला खेळांतून दूर केलें, आणि स्वतः लष्कराच्या रासायनिक खात्यांत कॅप्टन म्हणून फ्रान्सला गेला. तो तिकडे असतांना चेसची चौकशी होऊन तो निर्दोष सुटला. आणि त्याला लगेच आपल्या संघांत घेणारा मॅनेजर कोण, तर मॅग्रॉ. मॅथ्यूसन परत आला तों सिनसिनाटीची जागा पॅट मोरनकडे गेलेली. तेव्हां मॅग्रॉनेंच त्याला आपला मदतनीस म्हणून न्यूयॉर्कांत घेतलें. अशा रीतीनें तो घरीं परतला. पण ज्याच्यावर त्यानें आरोप केला तो चेस त्याच घरांत बसलेला होता. मॅथ्यूसन त्याविषयीं मोठ्यानें बोलला नाहीं. त्याच १९१९ च्या जागतिक मालिकेंत शिकागोच्या खेळाडूंनीं लांच खाऊन सिनसिनाटीस जिंकूं दिलें, तेव्हां वार्ताहरांच्या कक्षांत बसून संशयास्पद खेळांवर खुणा करीत असलेला माणूस मॅथ्यूसनच होता.

फ्रान्समध्यें विषारी वायूशीं आलेल्या संबंधानें त्याचीं फुप्फुसें बिघडलीं असें सांगतात. क्षयानें गांठल्यावर तो सॅरनॅक लेक येथील थंड हवेंत राहिला, मध्यंतरीं थोडें बरें वाटून बॉस्टनच्या एका संघाचा अध्यक्षही झाला. ७ ऑक्टोबर १९२५ रोजीं तो वारला. त्याच दिवशीं पिट्सबर्ग येथें जागतिक मालिका सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशीं दोन्ही संघांचे खेळाडू दंडावर काळ्या फिती बांधून मैदानांत उतरले. पिट्सबर्गच्या खेळाडूंचा मॅनेजर त्या आगगाडींतील तिसरा प्रवासी, बिल मकेक्नी, हा होता.