मागणी निरंक

कारंज्याच्या चार वेशी आमच्याकडची लहान मुलेही बोटांवर मोजून सांगतात. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस. आत पेठ, गुरुमंदिर, जैन मंदिरे. बाहेर वावरे, वाड्या आणि तांडे. १८८६ साली सरकारी नियमांखाली चालणारा कापसाचा बाजार याच गावात सुरू झाला. देशातल्या अशा पहिल्या बाजारांत त्याची गणना होते. म्हणजे कापूस किती आला आणि काय भावाने गेला, हे लिहून ठेवण्याची सवय आम्हाला फार जुनी. हाताला काम नसलेली माणसे किती, हे लिहून ठेवण्याची पाळी मात्र बऱ्याच उशिरा आली. ती नोंद कशी होते, हे मी फार जवळून पाहिले आहे, कारण १९८० नंतरची काही वर्षे मी या भागात ग्रामसेवक होतो.

इंग्लंडमध्ये १९११ च्या कायद्याने बेकारीचा विमा आला. तिथल्या मोठ्या शहरांत कोणत्या वस्तीतून किती लोक भत्ता मागतात, यावरून त्या वस्तीची हलाखी जोखतात. आपल्याकडेही बेकार भत्ता कायद्यात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो रोजगार हमीच्या पोटात दडलेला आहे.

त्याच्या आधी जे होते, ती सरकारची मेहेरबानी होती. वऱ्हाडातली म्हातारी माणसे ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणत, तो १८९९-१९०० चा. संवत १९५६ म्हणून छप्पन. इंग्रजांच्या दुष्काळ संहितेप्रमाणे तेव्हा खडी फोडण्याची कामे निघत. पण दुष्काळ आहे की नाही, हे सरकार ठरवी. मजुराने काम मागायचे नसे, निघाले तर जायचे असे.

ही रीत बदलण्याची कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये त्यांनी तिचा प्रयोग केला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. तेव्हा मुख्यमंत्री होते आमच्या शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक. योजनेला कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैशासाठी १९७५ मध्येच व्यवसाय कर बसवला होता. मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये वऱ्हाडातल्या पाझर तलावावर खर्च व्हावेत, असा तो हिशेब.

कायदा म्हणत होता : काम मागा, पंधरा दिवसांत मिळेल. न मिळाल्यास रोज किमान एक रुपया बेकार भत्ता. रुपया त्या काळीही थोडाच होता. पण त्या रुपयामुळे सरकार मजुराचे देणेकरी झाले.

आता माझी गोष्ट सांगतो. माझ्याकडे दोन गावे होती. एकात बागायत बऱ्यापैकी, विहिरींना पाणी. दुसरा तांडा, जमीन मुरमाड, निम्म्या घरांना तीही नाही. कामाची गरज कुठे जास्त होती, हे शेंबडे पोरही सांगेल. पण माझ्या दप्तरात उलटे दिसत असे. पहिल्या गावात एक निवृत्त गुरुजी होते. ते पारावर बसून मजुरांचे अर्ज लिहून देत आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणत, ‘तारीख टाका, पोच द्या.’ तांड्यावरची माणसे तोंडी सांगत. मी म्हणे, ‘काम निघाले की कळवतो.’ महिनाअखेरीच्या अहवालात पहिल्या गावापुढे आकडा लागे. तांड्यापुढे मी लिही : मागणी निरंक.

मी असे का करत होतो? तारखेची पोच दिली की पंधरा दिवसांचे घड्याळ सुरू होई. काम निघाले नाही, तर वरून विचारणा. काम सुरू करायला एका ठिकाणी ५० मजूर हवेत, तेवढे जमवायचे कोणी? पोच न देणारा ग्रामसेवक शहाणा समजला जाई. तसे लेखी कोणी सांगितले नव्हते, सांगावे लागतही नव्हते. शिवाय मागणी निरंक म्हटल्यावर तांड्याजवळच्या कामांचे आराखडेही मागे पडत. काम नाही म्हणून कोणी मागत नाही, आणि कोणी मागत नाही म्हणून काम नाही.

एका दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला निघाला. बैलगाडीत भांडी, वर म्हातारी बसलेली. तिने मला रस्त्यात थांबवले. ‘साहेब, तुमी लिवून घेतलं असतं त आमी कायले गेलो असतो?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढे वाचनात आले की, हा दोष माझ्या वहीपुरता नव्हता. १९८८ मध्ये रोहयोची मजुरी जवळपास दुप्पट झाली. मजुरी वाढली तर मजूर वाढायला हवेत. उलट हजेरी घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, मागणाऱ्या सर्वांना काम मिळत नव्हते, ते वाटून दिले जात होते. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतरही चित्र फार निराळे नव्हते. २००९-१० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून अभ्यासकांना आढळले की, काम हवे असून न मिळालेल्यांचे प्रमाण गरीब राज्यांत जास्त होते. त्या कायद्यात भत्ता पहिल्या ३० दिवसांना मजुरीच्या निदान पाव आणि पुढे निदान निम्मा होता. मजुरीचे पैसे केंद्राचे, भत्ता मात्र राज्याने द्यायचा. मग पोच देण्याची घाई कोणाला असणार? शिवाय कायदा फक्त ग्रामीण भागाचा. वेशीबाहेरच्या मजुराला हक्क. वेशीच्या आत पोती उचलणाऱ्या हमालाला नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. दिवस वाढले, ठीकच. पण अर्जावर तारीख कोण टाकणार, हा प्रश्न दिवस वाढवून सुटत नाही.

म्हणून कोणी एखाद्या वस्तीचा आकडा दाखवून ‘इथे बेकारी नाही’ म्हणाले, की मी विचारतो, तिथे अर्ज लिहून देणारे कोणी आहे का? निवृत्तीनंतर मी गुरुजींचेच काम करतो. बाजाराच्या दिवशी कोणी आले तर अर्ज लिहून देतो, खाली तारीख टाकतो आणि सांगतो, ‘पोच घेतल्याशिवाय उठू नका.’ त्या तांड्याच्या निरंक महिन्यांची भरपाई त्याने होत नाही, हे मला माहीत आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)