सरोवराकाठचा बुरूज आणि त्याची किल्ली

'आदिबंध' ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळल्याला आता बरीच वर्षे झाली आणि तिच्या मागोमाग कार्ल गुस्टाव्ह युंग हे नावही आपल्याकडे परिचयाचे झाले. या स्विस मनोवैद्याबद्दल लिहिताना एका घराचा उल्लेख हमखास येतो : झुरिक सरोवराच्या वरच्या टोकाला, बोलिंगेन या गावी त्याने स्वतःच्या देखरेखीखाली आणि बरेचसे स्वतःच्या हातांनी उभारलेला दगडी बुरूज. वीज नाही, नळ नाही. विहिरीचे पाणी पंपाने हापसायचे, लाकडे फोडायची, चुलीवर स्वयंपाक करायचा, संध्याकाळी जुने दिवे लावायचे. हे वर्णन वाचले की डोळ्यांपुढे एखादा ऋषी उभा राहतो. मला मात्र गेली काही वर्षे या घराची दुसरी बाजू खुणावते आहे. पाच मुलांच्या बापाने सुट्टीत राहण्यासाठी बांधायला घेतलेले हे घर होते. ते एका माणसाचा आश्रम कधी आणि कसे झाले, आणि त्या बदलात भारताचे नाव कुठून आले, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

आपल्याला या घराविषयी जे माहीत आहे त्यातले बहुतेक एकाच ठिकाणाहून येते. युंगच्या आठवणींचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. त्यातले एक अख्खे प्रकरण बुरुजावर आहे. पण हे रूढ अर्थाने आत्मचरित्र नव्हे. १९५७ पासून त्याची सचिव आनिएला याफे हिने त्याच्याशी बोलून, टिपणे घेऊन, काही भाग त्याच्याकडून लिहवून घेऊन ते सिद्ध केले. तेव्हा युंगने ऐंशी ओलांडली होती. पुस्तकात स्वप्ने भरपूर आहेत, माणसे कमी. बावन्न वर्षांच्या सहचारिणीचा, एमाचा, उल्लेख शोधावा लागतो. चार दशके त्याच्या आयुष्यात आणि कामात गुंतलेल्या टोनी वोल्फला तर त्या कहाणीत जागाच नाही. म्हणून हे प्रकरण मी दस्तऐवज म्हणून न वाचता एका वृद्धाची साक्ष म्हणून वाचतो, आणि साक्ष वाचताना शेजारी तारखांचा कागद ठेवावा लागतो.

आधी पैशाचे बोलू, कारण आश्रमाच्या गोष्टीत ते कोणी बोलत नाही. युंगचा बाप खेड्यातला धर्मोपदेशक होता, घरची स्थिती ओढगस्तीची. १९०३ मध्ये त्याचे लग्न एमा राउशेनबाख हिच्याशी झाले. शाफहाउझेनच्या या घराण्याकडे घड्याळांचा प्रसिद्ध कारखाना होता आणि एमा देशातल्या श्रीमंत वारसदारांपैकी एक होती. तेव्हाच्या स्विस कायद्यात पत्नीच्या माहेरच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती जात असे. १९१२ मध्ये अमलात आलेल्या नागरी संहितेनेही ही रीत मोडली नाही. ती मोडायला १९८८ उजाडावे लागले. या संपत्तीच्या बळावर क्युसनाख्त येथे सरोवराकाठी प्रशस्त घर झाले, १९०९ मध्ये कुटुंब तिथे राहायला गेले आणि त्याच वर्षी युंगने बुर्गहोल्त्सली या मनोरुग्णालयातली नोकरी सोडली. म्हणजे बोलिंगेनला जागा घेण्याआधी युंग कुटुंबाचे एक घर पाण्याला लागून होतेच. हे दुसरे.

पाण्याची ओढ मात्र खरी आणि जुनी होती. लहानपणी आई त्याला कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या एका स्नेह्यांकडे घेऊन गेली होती, तेव्हा त्याला काठावरून हलवता हलवेना. तळ्याकाठीच राहायचे हे त्याने त्या वयात ठरवून टाकले. झुरिक सरोवराचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा शांत आणि कमी वस्तीचा. त्याची त्याला विशेष आवड. तिथेच १९२२ मध्ये त्याने जमीन घेतली. ही जुनी देवस्थानची जमीन, एके काळी सांक्ट गालेनच्या मठाच्या मालकीची. जवळच वालुकाश्माच्या खाणी. घराला लागणारा दगड हाताशी, आणि तो होडीने थेट काठावर उतरवता येई. बांधकाम काढणाऱ्याला वाहतुकीचा खर्च काय असतो हे ठाऊक असते. जागेच्या निवडीत गूढाइतकाच हाही हिशेब असावा असे मला वाटते.

आता पहिला आराखडा पाहा. युंगच्या मनात बुरूज नव्हताच. त्याला हवी होती एक गोल, एकमजली खोपी : मधोमध दगडांनी वेढलेली चूल, भिंतीलगत झोपायचे बाक. आफ्रिकेतल्या झोपडीसारखी. साऱ्या कुटुंबाचे जगणे त्या विस्तवाभोवती फिरावे, इतकेच काय घरातली लहानसहान जनावरेही त्यात यावीत, अशी ती कल्पना होती. कुटुंबाचे एकसंधपण दगडात मांडायचे, असे तो सांगतो. १९२३ च्या जानेवारीत त्याची आई वारली आणि दोन महिन्यांनी काम सुरू झाले. सुरू होताच त्याला ही खोपी फार आदिम वाटू लागली आणि तिची दुमजली गोल इमारत झाली. ते ठीकच; स्वित्झर्लंडच्या थंडीत मधोमध चूल पेटवून धुरात बसणे पाच मुलांना किती मानवले असते, कोण जाणे!

पण तारीख बघा. १९२३ पर्यंत युंगने आफ्रिकेचा फक्त उत्तर किनारा पाहिला होता, १९२० मध्ये. केनिया आणि युगांडाकडे तो गेला १९२५ साली. म्हणजे ज्या झोपडीवरून घर सुचले असे तो म्हणतो, ती झोपडी त्याने बहुधा पुस्तकांत पाहिलेली होती. किंवा मग नंतर पाहिलेले चित्र वार्धक्यात आधीच्या आराखड्याला येऊन चिकटले. दोन्ही शक्य आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे भारताच्या बाबतीत नेमके हेच घडते.

खाणीतल्या कारागिरांकडून युंग दगड फोडायला आणि घडवायला शिकला. काम चालू असताना थोरली मुलगी आगाथे जागा पाहायला आली आणि म्हणाली, इथे बांधता? इथे तर प्रेते आहेत. हसण्यावारी नेले गेले. १९२७ मध्ये मधला भाग आणि त्याला जोडून बुरुजासारखी एक छोटी पुरवणी बांधायला घेतली, तेव्हा खोल मातीत माणसाचा सांगाडा सापडला. कोपराच्या हाडात बंदुकीची गोळी. १७९९ मध्ये ग्रिनाऊचा पूल ऑस्ट्रियन सैन्याने उडवला, तेव्हा त्यावर चाल करून येणारे डझनावारी फ्रेंच सैनिक लिंथ नदीत बुडाले. त्यांतलाच हा एक, वाहून आलेला. युंगने आपल्या जागेत त्याला रीतसर पुरले, कबरीवर बंदुकीचे तीन बार काढले आणि वर दगड बसवला.

या प्रसंगापाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. नेमक्या याच वर्षांत, १९२१ ते १९२४, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने मुळशीचे शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. तिथले सरोवर झाले ते भाताची खाचरे आणि गावे पाण्याखाली घेऊनच. आज त्या पाण्याच्या काठी पुण्या-मुंबईकरांची सुट्टीची घरे आहेत. त्यांच्यापैकी कितींच्या अंगणात बुडालेल्या गावाच्या नावाचा एखादा दगड असेल? युंगच्या मोठेपणाचे खूप दाखले दिले जातात. त्या अनोळखी शिपायाची कबर मला त्या सगळ्यांपेक्षा भारी वाटते.

घर वाढत होते ते साधारण चार-चार वर्षांच्या अंतराने. १९३१ मध्ये ती छोटी पुरवणी अपुरी वाटू लागली. तिचाच पक्का दुसरा बुरूज झाला आणि त्यात युंगने एकट्यासाठी खोली केली. इथे तो भारताचे नाव घेतो. भारतीय घरात, मग ते कितीही दाटीवाटीचे असो, पडद्याने आडोसा केलेला का होईना, एक कोपरा असतो. तिथे माणूस पाव-अर्धा तास ध्यानाला किंवा योगाभ्यासाला बसू शकतो. तसे काही आपल्याला हवे होते, असे तो सांगतो. आणि पुढे लगेच : या खोलीची किल्ली कायम माझ्याजवळ असते, माझ्या परवानगीशिवाय तिथे कोणी जायचे नाही.

पहिले वाक्य वाचून मराठी वाचकाला सुखावल्यासारखे होते. दुसरे वाचून मी चमकलो. आपल्या घरातला असा कोपरा म्हणजे देवघर. चाळीतल्या दीड खोलीत ते भिंतीतल्या कोनाड्यात किंवा फडताळाच्या वरच्या कप्प्यात मावते. आजोबा जप करत असतात, शेजारी दूध उतू जात असते, पोरे अभ्यास करत असतात, आणि कोणी तरी देवापुढून हात लांबवून काड्यापेटी घेते. एकांत असतो तो इतरांनी तेवढा वेळ आवाज खाली ठेवल्यामुळे. आपल्या देवघरालाही न दिसणारी कुलुपे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोवळे-ओवळे होते, विटाळ होता, आणि ती कुलुपे घरातल्या बायकांवर सर्वांत जास्त पडत. पण ती रीतीची होती. देवघराची किल्ली एका माणसाच्या खिशात, ही कल्पना काही इथली नव्हे.

मग युंगने ती कुठून आणली? १९३१ पर्यंत त्याने भारत पाहिलेला नव्हता. वाचला मात्र भरपूर होता. १९२१ च्या त्याच्या ग्रंथात उपनिषदांवर सविस्तर चर्चा आहे, आणि ही खोली झाल्यावर दुसऱ्याच वर्षी झुरिकमध्ये कुंडलिनी योगावरची त्याची प्रसिद्ध व्याख्याने झाली. ग्रंथांतल्या भारतात अरण्य असते, गुहा असते, एकटा साधक असतो. सून, जाऊ, पाहुणे आणि पाळणा नसतो. प्रत्यक्ष भारतात तो आला डिसेंबर १९३७ मध्ये, सायन्स काँग्रेसच्या पंचविशीच्या निमित्ताने ब्रिटिश सरकारच्या निमंत्रणावरून. मुंबईला उतरला, पुढे देशभर हिंडला, अलाहाबाद, काशी आणि कलकत्ता विद्यापीठांनी त्याला सन्माननीय पदव्या दिल्या. कलकत्त्यात आमांशाने गाठले आणि दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. गंमत अशी, की अनुभवांच्या त्या लोंढ्यात ते रुग्णालयच आपल्याला बेटासारखे वाटले, असे तो पुढे सांगतो. भारतात त्याला हवा तसा एकांत दिला तो इस्पितळाच्या खोलीने! दाटीवाटीत राहणाऱ्यांना एकांताची गरज असते, हे वाक्य हा प्रवास पाहून आलेल्या माणसाचे आहे. १९३१ च्या खोलीला ते १९५७ नंतर जोडले गेले असावे, असे माझे मत झाले आहे.

याचा अर्थ युंगने थाप मारली असा नव्हे. त्या खोलीच्या भिंती त्याने वर्षानुवर्षे रंगवल्या, तिथे बसून त्याने काम केले, आणि ते काम जगाच्या उपयोगी पडले. घरात कोणालाही दार लावून बसावेसे वाटू शकते, मलाही वाटते. प्रश्न इतकाच, की त्या दाराला आधार म्हणून कुटुंबाचे नाव घेतले गेले नाही, परक्या देशाचे घेतले गेले. एमा स्वतः अभ्यासक होती. पवित्र चषकाच्या दंतकथेवर ती वर्षानुवर्षे लिहीत होती आणि तो ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर मारी-लुईज फोन फ्रान्झने पुरा केला. बुरुजावरच्या प्रकरणात तिच्या किल्लीचा विषय निघत नाही.

१९३५ मध्ये सरोवराच्या बाजूला कुंपणाचे अंगण आणि पडवी झाली. चुलीभोवतीच्या मूळ खोपीची आठवण देणारा घराचा हा भाग मोकळ्या आभाळाखाली आहे. १९५० मध्ये बागेच्या भिंतीसाठी मागवलेल्या दगडांत कोपऱ्याचा त्रिकोणी दगड यायच्या ऐवजी भलाथोरला चौकोनी ठोकळा आला. गवंडी चिडून तो परत पाठवायला निघाला, युंगने ठेवून घेतला आणि त्यावर ग्रीक आणि लॅटिन वचने कोरली. तो ठोकळा आता फार प्रसिद्ध आहे.

२७ नोव्हेंबर १९५५ ला एमा गेली. दोन बुरुजांमधला ठेंगणा भाग म्हणजे आपण स्वतः, आजवर दडून बसलेला, असे युंगला वाटू लागले आणि त्याने त्यावर मजला चढवला. घराची सुरुवात आईच्या मृत्यूनंतर, शेवट पत्नीच्या मृत्यूनंतर. हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. एमासाठीही त्याने एक दगड कोरला, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. त्याच हिवाळ्यात, १९५५-५६ मध्ये, त्याने आपल्या पूर्वजांची नावे तीन शिळांवर छिन्नीने कोरली आणि त्या अंगणात लावल्या. नावे आहेत ती वडिलांकडच्या पूर्वजांची.

युंग ६ जून १९६१ ला क्युसनाख्तच्या घरी वारला. बोलिंगेनचा बुरूज अजूनही त्याच्या वंशजांकडे आहे. आत लोकांना प्रवेश नाही. ज्यांना पाहायचा असतो ते सरोवरातून, बोटीतून पाहतात.