पाच टक्के कशाचे?

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल: म्हातारपणी आणि अपंगत्वात लागणारा आधार, आणि त्यासाठी गावाच्या तिजोरीतून येणारा पैसा. पण या विषयाच्या पोटात एक साधा प्रश्न आहे आणि तो चारशे वर्षं जुना आहे. ज्या माणसाला हात धरून उठवावं लागतं, त्याचा खर्च कोणी उचलायचा? त्याच्या गावानं, की सगळ्या राज्यानं मिळून?

आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम आहे. ते खर्च झाले का, यादीत कोण आलं, कोण राहिलं, यावर ग्रामसभेत आवाज चढतात. ते चढायलाच हवेत. पण आज आपण त्याच्या एक पायरी मागे जाऊ आणि विचारू: पाच टक्के खरे, पण कशाचे?

सुरुवात इंग्लंडपासून करू. कारण गावानं कर बसवून गावातल्या असहाय माणसांना पोसायचं, हा प्रयोग तिथे साडेतीनशे वर्षं चालला आणि त्याचा हिशेब कागदावर शिल्लक आहे.

1601 साली, एलिझाबेथ राणीच्या काळात, तिथे गरिबांविषयीचा कायदा झाला. प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चभोवतीच्या गावानं, जमीन-घर वापरणाऱ्यांवर पट्टी बसवायची आणि त्यातून लंगडे, आंधळे, म्हातारे, काम न झेपणारे अशांना सांभाळायचं. वसुलीला आणि वाटपाला गावचेच देखरेखे नेमायचे. भिक्षेवर सोडलेल्या माणसाचा भार करावर आला, ही त्या काळाच्या मानानं मोठीच गोष्ट होती.

पण यात एक गोम होती. गावानं खर्च करायचा, म्हटल्यावर गावानं लगेच विचारलं: हा माणूस आमच्या गावचा आहे का? 1662 मध्ये कायदा आला, की बाहेरून आलेला माणूस पुढे आपल्यावर भार होईल असं वाटलं, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ गावी धाडता येईल. मग काय, लोकांना गाड्यांत घालून सीमेपार पोचवणं सुरू झालं. अविवाहित गरोदर बायकांना घाईघाईनं हाकललं जाई, कारण मूल जिथे जन्मेल त्या गावच्या माथी पडे. माणसं जात्याच निर्दय होती, असं आपण म्हणू नये. पट्टी भरणारा शेजारीही गरीबच होता. तिजोरी लहान असली, की दयाही कुंपणापुरती उरते.

1834 नंतर पॅरिशांचे गट केले गेले, 1865 मध्ये खर्च गटाच्या पातळीवर वाटला जाऊ लागला. कुंपण थोडं बाहेर सरकलं. पण मूळ दुखणं राहिलं: गरीब भागात गरजू जास्त आणि कर देणारे कमी. श्रीमंत भागात नेमकं उलटं.

हे दुखणं चव्हाट्यावर आणलं ते लंडनच्या पॉप्लर भागानं. पॉप्लर म्हणजे गोदी कामगारांची वस्ती. 1921 मध्ये बेकारी वाढलेली. बेकार, म्हातारे, आजारी, सगळ्यांच्या मदतीचा बोजा पॉप्लरच्याच पट्टीवर, आणि वर लंडनच्या सामायिक संस्थांना द्यायचा हिस्सा वेगळा. वेस्टमिन्स्टरसारख्या धनिक भागात एक पेनी दर लावला तर जेवढी रक्कम जमे, तिच्यापुढे पॉप्लरची पेनी म्हणजे चिल्लर. जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की गरिबांची मदत कापायची नाही, लंडनचा हिस्साच वसूल करायचा नाही. न्यायालयाचा हुकूम मोडला म्हणून तीस नगरसेवक तुरुंगात गेले. त्यात बायकाही होत्या, एक तर गरोदर. सुमारे सहा आठवडे ते आत होते आणि कौन्सिलच्या सभा तुरुंगातच भरल्या! शेवटी सरकार नमलं आणि त्या मदतीचा मोठा भाग सगळ्या लंडननं मिळून उचलायचा, असा कायदा त्याच वर्षी झाला.

पॉप्लरच्या लोकांनी दानधर्म मागितला नव्हता. एकाच शहरात राहणाऱ्यांनी ओझं वाटून घ्यावं, एवढीच त्यांची मागणी होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांनी आपल्याकडे महसूल, न्यायालयं, नगरपालिका आणल्या. पण गरिबांसाठीची ती पट्टी मात्र आणली नाही. दुष्काळ पडला, तर दुष्काळ संहितेप्रमाणे काम न झेपणाऱ्यांना फुकट मदत मिळे. दुष्काळ सरला, की म्हातारी माणसं पुन्हा घराच्या, जातीच्या, धर्मादायाच्या भरवशावर.

मग इथली स्थानिक तिजोरी उघडली कधी? मुंबईचं उदाहरण बघा. 1890 मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडलं. त्यामागे होते पालिका आयुक्त ॲकवर्थ. शाळिग्रामांच्या बरोबरीनं मराठी पोवाडे गोळा करणारे तेच हे ॲकवर्थ. लोकवर्गणी झाली, सरकार आणि पालिका यांचा पैसा लागला. वडाळ्याचं आजचं ॲकवर्थ रुग्णालय ते हेच. काम चांगलं होतं, यात शंका नाही. पण पैसा निघाला तो रस्त्यावरच्या रोग्यांची शहराला भीती वाटली म्हणून. 1898 च्या कुष्ठरोग कायद्यानं तर भिकारी कुष्ठरुग्णाला पकडून आश्रयस्थानात ठेवायची सोय केली. घरात पडून राहिलेल्या आंधळ्या म्हातारीची कोणाला भीती नव्हती. तिच्यासाठी तिजोरी उघडली नाही.

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली. संविधानाच्या 41 व्या कलमानं म्हातारपणी आणि अपंगत्वात सरकारी मदतीचा हक्क मिळवून द्यावा असं राज्याला सांगितलं, मात्र आर्थिक ताकदीच्या मर्यादेत. अपंगांना मदत हा विषय राज्याच्या सूचीत गेला. 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीनं तो पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या कामांच्या यादीतही आला. काम खाली आलं. पैसा?

रोख पैसा वरून आला. 1980 मध्ये राज्याची संजय गांधी निराधार योजना, 1995 मध्ये केंद्राचं वृद्धांसाठीचं निवृत्तिवेतन, तेव्हा महिना 75 रुपये. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचा हिस्सा आजही 200 रुपयेच आहे. बाकीची भर राज्य घालतं. पण रोख वेगळी आणि सेवा वेगळी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आंघोळ घालणं, शाळेच्या दाराशी उतार बांधणं, व्हीलचेअर दुरुस्त करून देणं, ही कामं तहसील कार्यालयातून होत नाहीत. ती गावातच व्हायला लागतात.

त्यासाठीच तो टक्का. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यानंतर राज्यानं स्थानिक संस्थांना स्वतःच्या उत्पन्नाच्या तीन टक्के बाजूला काढायला सांगितलं. 2016 चा नवा कायदा आल्यावर, 2018 मध्ये, ग्रामपंचायतींसाठी तीनाचे पाच झाले. यासाठी दिव्यांगांच्या संघटनांनी मोर्चे काढले, धरणी धरली. हा टक्का कोणी आयता दिलेला नाही.

पण आता हिशेब मांडू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग होते, म्हणजे शंभरात अडीचहून जास्त. दोन हजार वस्तीचं गाव धरा. पन्नासेक माणसं झाली. घरपट्टी, दिवाबत्ती, आठवडे बाजाराची फी मिळून गावाचं उत्पन्न दोन लाख समजू. पाच टक्के म्हणजे दहा हजार. माणशी, वर्षाला, दोनशे रुपये. आता तेवढ्याच वस्तीचं, पण हद्दीत कारखाने असलेलं गाव घ्या, उत्पन्न चाळीस लाख. तिथे माणशी चार हजार. टक्का तोच, नियम दोघांनीही पाळला, आणि फरक वीस पट. पॉप्लरची पेनी ती हीच!

आणि हा टक्का दिव्यांगांपुरता. नुसत्या म्हातारपणानं थकलेल्या, पण प्रमाणपत्र नसलेल्या माणसाचं नाव त्या यादीत येत नाही.

दुसरा रस्ता आहे का? आहे, आणि तो आपल्याच देशात आहे. केरळानं 1996 च्या लोकयोजनेपासून राज्याच्या योजना निधीतला मोठा वाटा सूत्रानुसार पंचायतींना दिला. त्या निधीतले पाच टक्के मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांच्यासाठी ठेवायचे, असं ठरलं. आकडा आपल्यासारखाच, पण कशाचे पाच टक्के ते बघा. गावाच्या घरपट्टीचे नाहीत, राज्याकडून आलेल्या निधीचे. 2008 च्या धोरणानंतर तिथल्या पंचायती परिचारिका ठेवून घरोघर वेदनाशमनाची आणि शुश्रूषेची सेवा देऊ लागल्या. निर्णय गावाचा, भार राज्याचा. 1601 च्या कायद्यात जे जुळलं नव्हतं, ते इथे बरंचसं जुळलं.

तिथेही सगळं आलबेल आहे, असं आम्ही म्हणत नाही. इंग्लंडनंही 1948 मध्ये तो जुना गरीब कायदा संपवला, तरी वृद्धांची काळजी स्थानिक कौन्सिलांकडेच ठेवली, आणि 2016 पासून कौन्सिलांना त्यासाठी स्थानिक कर वाढवायची मुभा दिली. म्हणजे श्रीमंत भागात पुन्हा जास्त पैसा. हा प्रश्न एकदा सुटला की सुटला, असा नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या ग्रामसभेत पाच टक्के खर्च झाले का हे जरूर विचारा. पण सोबत दोन आकडेही मागा: गावाचं स्वतःचं उत्पन्न किती, आणि गावात नोंदलेली दिव्यांग माणसं किती. भागाकार तिथेच, फळ्यावर करा. उत्तर दोनशे रुपये आलं, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी भांडून फार काही हाती लागणार नाही. मग भांडण तालुका आणि जिल्हा ओलांडून मुंबईपर्यंत न्यावं लागेल. पॉप्लरच्या लोकांनी नेलं होतं, तसं.